गोव्यात बसून मराठी ब्लॉग कसा सुरू करावा आणि कसा वाढवावा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पंधरा दिवस उरले की गोव्यातील घराघरांत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीची, चर्चा सुरू होते. लाकडी चौकट माळ्यावरून कधी काढायची, कांगल्यो कोणत्या बाजारात मिळतील, आंबाडे किती दिवस टिकतात, सुपारीचा कातरा मध्यभागी बांधायचा की कडेला, असे प्रश्न पूर्वी आजीला विचारले जात. आता ज्या घरांत आजी नाही, तेथे ते मोबाइलला विचारले जातात. उत्तरादाखल इंग्रजीत पर्यटकांसाठी लिहिलेल्या चार ओळी मिळतात, मराठीत सणाची एखादी बातमी मिळते, आणि नेमके जे हवे असते ते मिळत नाही. मराठी ब्लॉग सुरू करू पाहणाऱ्या गोव्यातील माणसाने आपली जागा या रिकाम्या ठिकाणी शोधावी, असे माझे ठाम मत आहे. ज्या प्रश्नाचे नीट उत्तर मराठीत कोठेच लिहिलेले नाही आणि जे तुम्हाला प्रत्यक्ष कामातून ठाऊक आहे, ते उत्तर इतक्या काळजीने लिहावे की वाचणाऱ्याला दुसरीकडे जावे लागू नये. पुढील सर्व सूचना याच एका कामासाठी आहेत.

गोव्यात मराठी वाचक आहे का, अशी शंका मला वारंवार विचारली जाते. ‘गोमन्तक’ १९६२ पासून आणि ‘नवप्रभा’ १९७० पासून येथे निघत आहे. घरी कोंकणी बोलणारा, शाळेत मराठी वाचायला शिकलेला आणि सकाळच्या चहाबरोबर मराठी दैनिक उघडणारा माणूस पेडण्यापासून काणकोणपर्यंत भेटतो. शिवाय सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवार या भागांतील वाचकांच्या सवयी, झाडे, मासे आणि सण आपल्यासारखेच आहेत, तर मुंबईत जाऊन राहिलेला गोवेकर गावाकडचे काही मिळाले तर अधाशासारखा वाचतो. वाचक आहे, त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, एवढेच.

विषय किती लहान असावा

‘गोवा’ हा ब्लॉगचा विषय होऊ शकत नाही. समुद्रकिनारे, हॉटेले आणि ‘पाहण्यासारखी ठिकाणे’ यांवर मोठ्या कंपन्यांची संकेतस्थळे आहेत. त्यांच्याकडे पगारी लेखक आणि छायाचित्रकार आहेत, आणि त्यांच्याशी एकट्याने स्पर्धा करण्यात वर्षे वाया जातात. याउलट फोंडा तालुक्यातील कुळागरे (सुपारी-नारळाच्या मिश्र बागा), खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती), देवळांतील काले आणि जत्रा, गावोगावची मराठी नाटके, घुमट (मातीचे चर्मवाद्य) आणि त्याची आरती, फेणीची भट्टी, यांपैकी कोणताही एक विषय घेतला तरी त्यावर शेकडो लेख होतील एवढा ऐवज त्यात आहे, आणि तो लिहिणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

विषय आपला आहे की नाही, हे ओळखण्याची माझी एक रीत आहे. वही घेऊन बसावे आणि गेल्या दोन वर्षांत शेजारी, नातेवाईक, सहकारी यांनी आपल्याला प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून काढावे. ‘हुर्राक आणि फेणीत फरक काय?’ ‘मानशीची फळी रात्री कोण उघडतो?’ ‘घुमटाला आता कसले कातडे लावतात?’ असे वीस प्रश्न सहज झाले, तर तो विषय आपला. सात-आठांवर गाडी अडली, तर विषय आवडीचा असला तरी अजून आपल्या हातचा झालेला नाही. तो आधी शिकावा, मग लिहावा.

प्रश्नाच्या रूपातच लेखाचा आराखडा दडलेला असतो. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार; तिच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की रोजची भरती-ओहोटी सांभाळण्यासाठी ती फळी कोणाला उघडावी लागत नाही. भरतीच्या पाण्याच्या दाबाने ती मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. हे एका वाक्यात सांगून झाले की वाचकाच्या मनात पुढचे प्रश्न आपोआप येतात: फळ्या कोणत्या लाकडाच्या, त्या कुजल्या तर कोण बदलतो, मानशीवरच्या मासेमारीचा हक्क कोणाला मिळतो, बांध फुटला तर शेतात शिरलेले खारे पाणी जमिनीला कधीपर्यंत नडते. या प्रत्येकाचा स्वतंत्र लेख होतो. असे एकातून एक उगवणारे लेख परस्परांना जोडले की ब्लॉगला आकार येतो, आणि एक लेख वाचायला आलेला वाचक तीन वाचून जातो.

शब्दांच्या निवडीबद्दल येथेच सांगितले पाहिजे. गोव्यातील लेखकाला पावलोपावली कोंकणी शब्द लागतात आणि काही जण ते संकोचाने टाळून पुण्या-मुंबईचे प्रतिशब्द घालतात. तसे करू नये. कुळागराला ‘सुपारीची बाग’ म्हटले की त्यातील नारळ, मिरवेल, केळी, अननस आणि पाटाचे पाणी सगळे नाहीसे होते. मूळ शब्द ठेवावा, पहिल्यांदा येईल तेथे एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा आणि पुढे तोच शब्द निःसंकोच वापरावा. बाहेरच्या वाचकाला त्याचे ओझे होत नाही, उलट त्यासाठीच तो आलेला असतो.

दहा लेख हातात असल्याशिवाय उघडू नये

पुष्कळ ब्लॉग ‘नमस्कार, मी आजपासून लिहायला सुरुवात करत आहे’ या पहिल्या लेखाने सुरू होतात आणि तिसऱ्या लेखानंतर बंद पडतात. उत्साह पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो, म्हणून तो मांडणीचे रंग आणि बोधचिन्ह निवडण्यात न घालवता लेखनात घालवावा. दहा लेख पूर्ण लिहून, तपासून, फोटोंसह तयार ठेवावे आणि मगच ब्लॉग लोकांसमोर आणावा. दर आठवड्याला एक या हिशेबाने ते अडीच महिने पुरतात, आणि त्या अवधीत घरी आजारपण आले, परीक्षा आल्या, काजूचा हंगाम आला तरी खंड पडत नाही. दहा लेख लिहूनच होत नसतील, तर तेही वेळीच कळते.

लेख किती लांब असावा, याचे उत्तर प्रश्न किती मोठा आहे यावर अवलंबून आहे. तीनशे शब्दांत संपणारे उत्तर ओढून हजार शब्दांचे केले की वाचक पहिल्या परिच्छेदातच निघून जातो.

एक लेख जवळून

सुपारीवरील कोळेरोग (फळे कुजवणारा बुरशीजन्य रोग) आणि त्यावर फवारायचे बोर्डो मिश्रण यांवरचा माझा लेख मी तीनदा लिहिला. पहिल्या वेळी मी लिहिले होते की पावसाळ्यापूर्वी योग्य प्रमाणात बोर्डो मिश्रण फवारावे आणि पावसाळ्यात गरजेनुसार पुन्हा फवारावे. वाक्य चुकीचे नव्हते, पण ते वाचून कोणालाही फवारणी करता आली नसती. ‘योग्य प्रमाण’ आणि ‘गरजेनुसार’ हे शब्द लेखकाची सुटका करतात आणि वाचकाला अडचणीत ठेवतात. म्हणून मी आमच्या कुळागरात फवारणीच्या दिवशी वही घेऊन उभी राहिले आणि जे घडले ते क्रमाने लिहून घेतले.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन प्लास्टिकच्या पिंपांत पन्नास-पन्नास लिटर पाणी घेऊन एकात मोरचूद आणि दुसऱ्यात चुना विरघळवायचा. लोखंडी भांडे चालत नाही. मग मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या पाण्यात सावकाश ओतायचे आणि ओतताना काठीने सतत ढवळत राहायचे. उलट क्रमाने, म्हणजे चुना मोरचुदात ओतला, तर मिश्रण चांगले उतरत नाही. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून ठेवायची. पात्यावर तांबूस थर धरला, तर मोरचूद जास्त झाले आहे असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालायचे आणि सुरी पुन्हा बुडवून पाहायची. मिश्रण त्याच दिवशी वापरायचे. फवारणी करणारे काका शिडीवरून खाली उतरून मला म्हणाले, “बाय, सुरयेचें बरय, तें कोण सांगना.” सुरीचे लिही, ते कोणी सांगत नाही. पुढे त्या लेखावर जेवढी पत्रे आली, ती सर्व सुरीबद्दलच होती.

जे करणाऱ्याला इतके सवयीचे झालेले असते की सांगण्यासारखे वाटत नाही, ते लेखात आलेच पाहिजे. त्यासाठी काम प्रत्यक्ष चालू असताना तेथे उभे राहणे आणि लिहून घेणे याला पर्याय नाही. मोबाइलवर बोलून टंकलेखन करण्याची सोय आता मराठीत चांगली चालते. वाफ्यात उभे राहून टिपणे घेण्यासाठी ती उपयोगी आहे, मात्र घरी येऊन प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी, कारण गावांची, माशांची आणि झाडांची नावे तिला हमखास चुकतात.

जे डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याची दोन ठिकाणी खातरजमा करावी. घुमटाचे उदाहरण घ्या. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. लेखातील अशा प्रत्येक सालाची जबाबदारी आपल्यावर असते, कारण पुढे शाळेतील मुले तेच साल प्रकल्पाच्या वहीत उतरवतात. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात अशा कामासाठी अवश्य जावे. या ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ज्या वर्षी निघाले तेच हे वर्ष, ही गोष्ट तेथे बसून लिहिताना मला नेहमी आठवते. जुनी वर्तमानपत्रे आणि गोव्यावरची पुस्तके तेथे एका छताखाली मिळतात, आणि अर्ध्या दिवसाच्या वाचनातून लेखाला जे वजन येते ते इंटरनेटवरील दहा पाने चाळून येत नाही.

ब्लॉगसाठी जागा आणि नाव

सुरुवातीला दोन मार्ग आहेत. १९९९ साली सुरू झालेले आणि २००३ पासून गूगलच्या मालकीचे ब्लॉगर हे पूर्णपणे मोफत आहे. गूगलचे खाते असेल तर अर्ध्या तासात ब्लॉग उभा राहतो, देखभालीची काळजी नसते आणि स्वतःचे विकत घेतलेले नावही त्याला जोडता येते. दुसरा मार्ग वर्डप्रेसचा. त्याची आज्ञावली मोफत असली तरी ती ठेवण्यासाठी सर्व्हरवर जागा भाड्याने घ्यावी लागते, वेळोवेळी अद्ययावत करावी लागते आणि सुरक्षेकडे लक्ष द्यावे लागते. त्या बदल्यात मांडणीचे आणि पुढील विस्ताराचे स्वातंत्र्य मिळते. वर्डप्रेसचीच एक सेवा खाते उघडून मोफत ब्लॉग देते, पण मोफत योजनेत मर्यादा पुष्कळ आहेत. ज्याला तांत्रिक कामाची आवड नाही, त्याने पहिली दोन वर्षे ब्लॉगरवर काढावी असे मी सांगेन. वाचकाला लेखाशी कर्तव्य असते; तो कशावर उभा आहे हे तो पाहतही नाही.

नाव मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचे घ्यावे. ते लहान असावे, फोनवर सांगितले तर समोरच्याला एकदाच ऐकून लिहिता यावे, आणि त्यात अंक किंवा जोडरेघा नसाव्यात. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ या शेवटाचे नावही मिळते. ते पाहायला सुंदर आहे, परंतु अनेक जण आजही पत्ता रोमन कळफलकावरच टाइप करतात, म्हणून ते घेतले तरी सोबत रोमन लिपीतील नाव असू द्यावे.

या नावाबाबत मला मोठी किंमत मोजावी लागली. माझा पहिला ब्लॉग ज्यांनी उभारून दिला, त्यांनी नावाची नोंदणी त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर आणि खात्यावर केली होती. मी पैसे दिले, पावती घेतली आणि निर्धास्त राहिले. दोन वर्षांनी नूतनीकरणाची सूचना त्यांच्याकडे गेली, त्यांनी व्यवसाय बंद केला होता, आणि मुदत उलटून गेल्यावर ते नाव दुसऱ्या कोणी तरी घेतले. लेख माझ्याजवळ होते, पण लोकांनी जपून ठेवलेले आणि एकमेकांना पाठवलेले सगळे दुवे एका दिवसात निकामी झाले. म्हणून सांगते, नावाची नोंदणी स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर करावी, ती आपोआप नूतनीकरणावर ठेवावी, आणि ब्लॉग बांधून देणारा कितीही जवळचा असला तरी त्याला केवळ कामापुरता प्रवेश द्यावा.

लेखाच्या पत्त्याकडेही पहिल्यापासून लक्ष द्यावे. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिले की पत्त्यात ते उतरत नाही. तेथे ‘ब्लॉग पोस्ट’ एवढेच शब्द आणि कधी एखादा आकडा येतो, आणि काही महिन्यांनी सगळे पत्ते सारखे दिसू लागतात. वर्डप्रेस शीर्षक देवनागरीतच ठेवते, पण तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. ‘माटोळी’ या शब्दात संगणकाच्या लेखी सहा चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका शब्दाच्या ५४ खुणा होतात. घरच्या वडीलधाऱ्यांना असा दुवा आला तर ते तो फसवणुकीचा समजून उघडतच नाहीत. दोन्ही ठिकाणी पत्ता हाताने बदलता येतो. तो रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा लिहावा, आणि एकदा लेख प्रसिद्ध झाला की पुन्हा बदलू नये.

टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर ज्यांच्याकडे पडून आहे, त्यांनी तो रूपांतर करून मगच ब्लॉगवर घालावा, नाही तर गूगलला आणि वाचकाच्या मोबाइलला तो मराठी म्हणून ओळखता येणार नाही. रूपांतरात रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ यांची मोडतोड होते, तेवढी डोळ्यांनी तपासावी. दिसण्यासाठी मुक्त किंवा नोटो यांसारखा मोफत आणि स्वच्छ देवनागरी फॉन्ट पुरेसा आहे. अक्षर थोडे मोठे आणि दोन ओळींतील अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवावे, कारण आपल्याकडे मात्रा वर जातात आणि उकार खाली येतात.

फोटो आणि दुसऱ्यांचे श्रेय

फोटो स्वतः काढलेले असावेत. इंटरनेटवर दिसलेला फोटो मोफत नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, आणि लेखनावर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. अगदीच गरज पडली तर विकिमीडिया कॉमन्सवरील फोटो त्याखाली दिलेल्या अटी पाळून आणि छायाचित्रकाराचे नाव देऊन वापरावेत. मोबाइलवरचा मूळ फोटो फार जड असतो, त्यामुळे तो सुमारे १२०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून मगच चढवावा. डोंगराआडच्या गावांत नेटवर्क मंद असते आणि पान उघडेपर्यंत कोणी थांबत नाही.

कायद्याच्या पलीकडचीही एक बाजू आहे. धालोची (बायकांच्या लोकनृत्याची) गीते किंवा फुगड्या एखाद्या वयस्क बाईने मांडावर (धालो खेळायच्या अंगणात) बसून सांगितल्या, तर त्यांचे नाव घालू का, फोटो घालू का, हे त्यांना आधी विचारावे, लेख प्रसिद्ध झाल्यावर त्यांना वाचून दाखवावा, आणि काही गीते बाहेर सांगायची नाहीत असे त्या म्हणाल्या तर ती वगळावीत.

वाचक कोठून येतात

पहिले वाचक ओळखीचे असतात आणि ते व्हॉट्सॲपवरून येतात. तेथे नुसता दुवा टाकू नये. दोन ओळींत लेखातील एक नेमकी गोष्ट सांगावी आणि मग दुवा द्यावा. सगळ्या गटांत रोज दुवे टाकणाऱ्याला लोक लवकर कंटाळतात, म्हणून ज्या गटाचा विषयाशी संबंध आहे त्यातच टाकावा. बागायतदारांच्या गटात गेलेला कोळेरोगाचा लेख माझ्या सर्व नातेवाइकांनी मिळून आणले त्याहून अधिक वाचक घेऊन आला.

कायमचे वाचक मात्र शोधातून येतात. गूगल सर्च कन्सोल नावाची मोफत सोय आहे. ब्लॉग सुरू होताच तेथे तो नोंदवावा आणि साइटमॅप (ब्लॉगवरील पानांची यादी) द्यावा. काही आठवड्यांनी लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्या पानापर्यंत आले, हे तेथे दिसू लागते, आणि ती यादी लेखकाला फार काही शिकवते. मी माटोळीच्या लेखात सर्वत्र ‘गणेश चतुर्थी’ लिहिले होते. यादीत मात्र लोक ‘चवथ’ लिहून शोधत होते, आणि अनेकांना ‘माटोळीचे सामान’ याची यादी हवी होती. मी शीर्षकात ‘चवथ’ आणि ‘सामान’ हे शब्द आणले, नारळ, सुपारीचा कातरा, तोरिंग, नीरफणस, आंबाडे, कांगल्यो अशी सर्व नावे ठळकपणे वर दिली, आणि प्रत्येकाचा फोटो घातला. लेखाचा मूळ मजकूर तोच राहिला, पण तो शोधणाऱ्याला सापडू लागला. शोधासाठी शब्द कोंबून वाक्ये वाकडी करण्याची गरज नसते. लोक त्या गोष्टीला जे म्हणतात तेच आपण म्हणावे, एवढे पुरते.

वेळेचे गणितही महत्त्वाचे आहे. नवा लेख गूगलच्या नजरेत यायला आणि वर यायला काळ जातो, त्यामुळे सणाचा लेख सणाच्या दिवशी टाकणे व्यर्थ आहे. माटोळीचा लेख आषाढात तयार हवा, शिगमोचा (गोव्यातील होळीच्या सणाचा) पौषात. काजू, हुर्राक आणि फेणी यांचे लेख बोंडू (काजूची फळे) पिकायच्या आधी, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या, साठवणीचे एप्रिलच्या सुरुवातीला, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात लोक काय खातात याचे लेख मेमध्ये यावेत. असे वर्षाचे एक वेळापत्रक भिंतीवरच्या कालनिर्णयावरच पेन्सिलीने लिहून ठेवावे.

प्रतिक्रिया आल्या तर त्यांना उत्तर द्यावे, आणि पहिल्या वर्षी तर प्रत्येकीला द्यावे. कोणी चूक दाखवली तर लेखातच दुरुस्ती करून खाली तारखेसह तसे नोंदवावे. चूक गुपचूप पुसणाऱ्यापेक्षा ती मान्य करणाऱ्यावर वाचक अधिक विश्वास ठेवतात. देवस्थानांचे मान, जमिनीचे वाद, मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्यांचे) प्रश्न यांवर लिहिताना कागद पाहिल्याशिवाय कोणाही व्यक्तीवर आरोप करू नये. बदनामीचा कायदा वर्तमानपत्रांना जसा लागू होतो तसाच ब्लॉगलाही होतो, आणि प्रतिक्रियेत दुसऱ्या कोणी केलेला आरोपही आपल्या पानावर राहू देऊ नये.

पैसा

मराठी ब्लॉगवर गूगलच्या ॲडसेन्सच्या जाहिराती २०१८ पासून घेता येतात. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन येतो, म्हणून वाड्याचे नाव, घर क्रमांक आणि पिनकोड पोस्टमनला कळेल असा बिनचूक द्यावा. प्रत्यक्ष पैसे १०० डॉलर पूर्ण झाल्यावर बँकेत येतात. मराठी पानांवर हे १०० डॉलर व्हायला बराच काळ लागतो, आणि ज्याला घर चालवण्यासाठी लगेच पैसे हवे आहेत त्याने यावर विसंबू नये, हे मी स्पष्टपणे सांगते. माझ्या पाहण्यात अधिक उपयोगी पडतो तो विषयाशी जोडलेला व्यवसाय: कुळागरावर लिहिणाऱ्याकडे रोपांची मागणी येते, खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्याकडे चवथीच्या नेवऱ्यांची (करंज्यांची), इतिहासावर लिहिणाऱ्याला व्याख्यानांची आणि वारसाफेऱ्यांची निमंत्रणे येतात.

एखाद्या दुकानदाराने पैसे किंवा वस्तू देऊन लेख मागितला, तर लेखाच्या सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असे लिहावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांसाठी तसा नियम घातला आहे, आणि तो नसता तरी वाचकाला हे कळण्याचा हक्क आहे. जी वस्तू आपण स्वतःच्या घरी वापरणार नाही, तिचा लेख घेऊ नये. बोर्डो मिश्रणाचा माझा लेख ज्या लोकांनी विश्वासाने वाचला, त्यांना न वापरलेले औषध फवारायला सांगणे मला जमले नसते आणि मी ते नाकारले.

महिन्यातून एकदा

ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत सगळे लेख एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती फाइल आणि फोटोंची फोल्डर संगणकावर व एका वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावी. गोव्यातील पावसाळ्यात दमटपणाने आणि विजेच्या लपंडावाने यंत्रे बिघडतात, तेव्हा एकच प्रत असणे म्हणजे प्रत नसण्यासारखेच आहे.

त्याच बैठकीत जुन्या लेखांपैकी दोन उघडून वाचावेत. आषाढ लागला की मी माटोळीचा लेख उघडते. गेल्या वर्षी वाचकांनी कळवलेली फळांची स्थानिक नावे त्यात घालते, कारण एकाच फळाला पेडण्यात एक म्हणतात आणि सांग्यात दुसरे. बंद पडलेले दुवे काढते, फोंड्याच्या आणि म्हापशाच्या बाजारात यंदा काय कोठे मिळते ते जाऊन पाहून बदलते, लेखाच्या वर ‘या वर्षी तपासले’ म्हणून तारीख घालते, आणि मग नवा लेख लिहायला घेते.